लुथरन चर्चच्या तळघरात परकं का वाटत नाही?

कृष्णाकाठ

दक्षिण मिनेसोटातल्या एका छोट्या गावात राहते. धान्य साठवायचे उंच सायलो, एक शाळा, एक पेट्रोल पंप आणि दोन लुथरन (म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतली प्रोटेस्टंट) चर्च, झालं गाव. एवढ्याशा वस्तीला दोन कशाला? तर एक नॉर्वेहून आलेल्यांनी बांधलं, दुसरं जर्मनांनी. आता नॉर्वेजियनही कुणाला येत नाही आणि जर्मनही. उपासना दोन्हीकडे इंग्रजीतच. पण पणजोबांनी बांधलेलं चर्च बंद करायचा ठराव मांडणार कोण?

मी मूळची मिरजेची. मिशन हॉस्पिटल माहीत (ते प्रेस्बिटेरियन लोकांचं), चर्चच्या आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही, घरी गणपती बसतो. तरी शेजारच्या आजींमुळे नॉर्वेवाल्यांकडे येणंजाणं सुरू झालं आणि आता तिथे मला पाहुण्यासारखं वाटत नाही. असं का होतं यावर बोलायला हा धागा.

'लोक फार प्रेमळ आहेत हो' हे उत्तर मला पुरत नाही. प्रेमळ लोक दुकानाच्या दारातही भेटतात. माझं म्हणणं असं की तिथे तुमच्या हाताला काम देतात, आणि ते फार लवकर देतात.

नोव्हेंबरात चर्चचा बाजार भरतो. त्यासाठी तळघरातल्या स्वयंपाकघरात लेफ्सा करतात. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. उकडलेले बटाटे बारीक जाळीतून दाबून काढायचे, गरम असतानाच लोणी आणि क्रीम घालायचं, गार झाल्यावर लाटण्यापुरता मैदा. पोळपाट भलामोठा, त्यावर कापड ताणून बसवलेलं. लाटण्यावर खाचा आणि वर मोज्यासारखं कापड चढवलेलं, म्हणजे चिकटत नाही. पोळी इतकी पातळ लाटायची की खालच्या कापडावरची अक्षरं दिसली पाहिजेत. मग लांब चपटी काठी मधोमध खाली सरकवायची, उचलायची आणि विजेच्या मोठ्या गोल तव्यावर काठी फिरवत उलगडायची. खरी परीक्षा काठीची. नवशिक्याची पोळी तिथेच फाटते.

मी बघत उभी होते. एका आजींनी काही न विचारता माझ्या कमरेला एप्रन बांधला आणि लाटणं हातात दिलं. पुरणपोळ्या लाटलेल्या बाईला बटाटा काय भारी! पहिलीच गरगरीत आली. पलीकडच्या टेबलावरच्या बायका काम थांबवून बघायला आल्या. काठीने मात्र पुढे बराच वेळ माझी फजिती केली आणि त्यावर सगळ्या मनसोक्त हसल्या. पुढच्या वर्षी भिंतीवरच्या यादीत 'लाटणे' या रकान्यात माझं नाव होतं. मला विचारलं नव्हतं. राग यायला हवा होता, आला नाही.

अशा याद्या सगळीकडे. रविवारची कॉफी कोणाची, दारात उभं कोण राहणार, बर्फ कोण उपसणार, वेदीवरची कापडं ऋतूप्रमाणे कोण बदलणार. मयताच्या जेवणासाठी बायकांचे गट आहेत, त्यांना 'सर्कल' म्हणतात, आणि बहुतेकांना बायबलमधल्या बायकांची नावं. गावात कुणी गेलं की ज्या सर्कलची पाळी असेल त्या बायका तळघरात हजर. बनला लोणी लावून हॅम, एखादं सॅलड, ट्रेभर गोड वड्या आणि पातळ कॉफी. घरच्यांनी एक कपसुद्धा विसळायचा नाही.

जानेवारीत वार्षिक सभा होते. तिथे छपराचा खर्च, भट्टीची दुरुस्ती, पाळकांचा पगार, सगळं कागदावर मांडतात आणि हात वर करून मत घेतात. पाळकसुद्धा वरून पाठवलेले नसतात. मंडळीतलेच, म्हणजे चर्चचे सभासदच, समिती नेमून मुलाखती घेतात आणि मतदान करून बोलावतात. मला मत नाही, कारण मी सभासद नाही. पण मागच्या सभेत कॉफीच्या यंत्रावरून जो वाद झाला तो ऐकताना आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभाच आठवली.

तुमच्याकडे कसं आहे?

तिखटमीठ

वाचतेय. लेफ्सा कशाबरोबर खातात?

कृष्णाकाठ

लोणी आणि साखर लावून गुंडाळी. मी घरी लसणाच्या चटणीबरोबर खाते, ते त्यांना सांगितलेलं नाही.

नगरी_सूर

छान लिहिलंय. मी जन्माने ख्रिस्ती, नगरचा, उत्तर भारत चर्चच्या मंडळीतला. म्हणजे लुथरन नाही. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, ते वेगळ्या परंपरेतलं. पण ह्यूस्टनला होतो तेव्हा घराजवळ लुथरन चर्चच होतं म्हणून तिथे जात होतो.

तुमच्या मुद्द्याशी मात्र सहमत नाही. ल्यूथरचं भांडणच याच्यावरून सुरू झालं की माणूस काय करतो यावर देवाच्या घरातली त्याची जागा ठरत नाही. १५१७ साली विटेनबर्गमध्ये त्याने जे ९५ मुद्दे मांडले ते पापक्षमेची पत्रं विकण्याविरुद्ध होते. कृपा फुकट आहे, कमवावी लागत नाही, हा त्या शिकवणुकीचा कणा. तुम्ही म्हणता काम दिलं म्हणून आपलं वाटलं. मग हात थकले की काय? लाटणं धरवेना की नाव यादीतून गेलं?

मला तिथे आपलं वाटलं ते गाण्यामुळे. आख्खी मंडळी चार आवाजांत गाते, आणि ज्याला येत नाही तोही गातो. गीतांचं पुस्तक उघडलं की कोण कुठल्या गावचा हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात घेतल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं जशी आपोआप ओठांवर येतात, तशी त्यांना त्यांची येतात. मला इंग्रजी शब्द नवे होते, पण काही चाली ओळखीच्या निघाल्या. त्या मिशनऱ्यांनी कधीच आपल्याकडे आणून ठेवल्या होत्या.

कृष्णाकाठ

@नगरी_सूर, प्रश्न चोख आहे. आमच्याकडे एक आजोबा आहेत, आता वृद्धाश्रमात. उभं राहवत नाही. रविवारची उपासनेची पत्रकं घडी घालायला दर आठवड्याला त्यांच्याकडे पोचवली जातात आणि घडी घालून परत आणली जातात. छापखाना घडी घालून देतो, पैसेही जास्त पडत नाहीत. तरी आजोबांकडेच जातात. म्हणजे हात थकले की थकलेल्या हातांना झेपेल ते शोधतात.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्याकडे भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे उपासनेतलं प्रभुभोजन, घेऊन कुणीतरी घरी जातं. ते तुमच्या बाजूने धरा.

नगरी_सूर

धरलं. :) आजोबांची गोष्टही मी माझ्याच बाजूने धरणार होतो. काम हवं म्हणून आजोबा नाहीत, आजोबा हवेत म्हणून काम आहे.

गारठलेला_पुणेकर

थोडं पाणी ओततो. मिनियापोलिसमध्ये बरीच वर्षं काढली. चर्चमध्ये नावाची पट्टी छातीला लावून हसत कॉफी देणारी हीच माणसं. पण घरी जेवायला किती जणांनी बोलावलं? माझ्या बाबतीत जवळजवळ कुणीच नाही. यांचं मित्रमंडळ बालवाडीत पूर्ण भरतं, मग नवी भरती बंद. चर्चमध्ये घरचे आणि घरी मात्र परके, असा मामला.

दुसरं, हे 'आपलं वाटणं' कोणाला? अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन संघटनेतले, म्हणजे ईएलसीएमधले, ९६ टक्के सभासद गोरे आहेत असं प्यू रिसर्चच्या २०१४च्या पाहणीत आलं होतं. हॉटडिश (इकडचा ओव्हनमधला एकपात्री पदार्थ), लेफ्सा, नॉर्वेचे स्वेटर हेच धर्माचं अंग होऊन बसलं की इतरांनी करायचं काय? तुम्हाला पोळी लाटता आली म्हणून ठीक. तुमच्या यजमानांना काय दिलं हातात?

कृष्णाकाठ

यजमानांना बर्फ उपसायचं फावडं दिलं. ते अजून रुसलेले आहेत.

घरी न बोलावण्याचा मुद्दा मान्य. मला पण असंच वाटतं की त्या लोकांना घरापेक्षा तळघर सोपं जातं. घरी बोलावलं की बोलावं लागतं. तळघरात ताटं पुसता पुसता बोलणं होतं, आणि नाही झालं तरी चालतं.

फाटेफोड

म्हणजे आधी लाटणं, मग बाप्तिस्मा. पद्धत जुनीच आहे.

कृष्णाकाठ

@फाटेफोड, अजून तरी कुणी विचारलेलं नाही. उलट मीच एकदा पाळकबाईंना विचारलं की मला चालवून कसं घेता. त्या म्हणाल्या, भांडी घासायला श्रद्धेची अट घातली तर निम्मी भांडी तशीच राहतील.

नगरी_सूर

@फाटेफोड, आमच्या घराण्यात पाच पिढ्या झाल्या, अजून आम्हाला लोक विचारतात 'तुम्हाला काय दिलं होतं?' हा धागा त्यासाठी नको. वेगळा काढा, तिथे भांडू.

उंबरठा

मी विस्कॉन्सिनचा जावई. सासरची माणसं मिझुरी सिनडवाली, म्हणजे लुथरनांमधली कडक शाखा, १८४७ सालची. कृष्णाकाठ, तुमच्याकडे पाळकबाई आहेत. आमच्याकडे ते होणं नाही. ईएलसीएच्या आधीच्या मंडळ्यांनी १९७० पासून बायकांना पाळक केलं, मिझुरीने आजही नाही. विस्कॉन्सिन सिनड आणखी कडक.

प्रभुभोजनाला आमच्याकडे कुणीही पुढे यायचं नाही. बाप्तिस्मा झालेला असला तरी शिकवणीवर एकमत असल्याशिवाय नाही. अख्खी रांग उठते, मी बाकावर बसून राहतो, गुडघे बाजूला घेऊन लोकांना वाट देतो. सुरुवातीला फार लागायचं. आता गंमत अशी की मला हीच मंडळी बरी वाटते. इथे मी कोण आहे आणि कोण नाही हे स्वच्छ ठाऊक आहे, कुणी मला गुळगुळीत बोलून आत ओढत नाही. सासरे दर रविवारी तोच बाक धरतात, मागून दुसरा (लुथरन लोक पुढे बसतच नाहीत, पुढचे बाक का बनवतात कळत नाही). कधी उशीर झाला तर लोक माझी जागा मोकळी ठेवतात. प्रभुभोजन न घेणाऱ्या माणसाची जागा!

गारठलेला_पुणेकर

@उंबरठा, हे मला नाही जमणार, पण तुमचा मुद्दा कळला.

लाइपझिगकर

इकडे जर्मनीत चित्र फार वेगळं. लाटणंही नाही, यादीही नाही. सभासद असाल तर प्राप्तिकराच्या वर चर्चकर कापला जातो, आमच्या सॅक्सनीत तो प्राप्तिकराच्या नऊ टक्के. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन नाव काढून यायचं. लोक दरवर्षी रांग लावून काढतात. पूर्व जर्मनीत तर बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. माझ्या ऑफिसात ख्रिस्ती म्हणवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तरी एक सांगतो. आमच्या शहरात निकोलाय चर्च आहे. १९८२ पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेसाठी प्रार्थना होते. साम्यवादी राजवटीत जिथे मोकळं बोलता येईल अशी दुसरी जागाच नव्हती. म्हणून देव न मानणारे, देश सोडायचा अर्ज केलेले, पर्यावरणवाले, कुणीही येऊन बसायचे. पाटी होती, 'सर्वांसाठी खुलं'. ९ ऑक्टोबर १९८९ला पक्षाने आपलीच माणसं आधी आत नेऊन बसवली, जागा अडवायला. त्यांना बिचाऱ्यांना बसून येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं. त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० माणसं रस्त्यावर उतरली, हातात मेणबत्त्या, आणि गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

माझी घरमालकीण त्यातली. बाप्तिस्मा नाही, देवावर विश्वास नाही, सोमवारी मात्र जाते. का म्हणून विचारलं तर म्हणते, 'तेव्हा त्यांनी मला विचारलं नव्हतं, आता मी त्यांना कशाला विचारू?'

तिखटमीठ

घरमालकीणबाईंना नमस्कार सांगा.

गुंटूरमार्गे

माझं बालपण गुंटूरच्या रेल्वे कॉलनीत गेलं, वडील तिथे बदलीवर. आंध्रात लुथरन म्हणजे परदेशी प्रकरण नव्हेच. शाळा, कॉलेज, दवाखाना, सगळीकडे ते नाव.

कृष्णाकाठ, तुमच्या मिनेसोटाचा आणि गुंटूरचा एक धागा आहे. गुंटूरला लुथरन मिशन सुरू केलं ते जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर यांनी, १८४२ साली. मूळचे जर्मन, पेनसिल्व्हेनियातून आलेले. लोक त्यांना फादर हायर म्हणत. पुढे ते अमेरिकेत परतले आणि १८६० साली मिनेसोटाची पहिली लुथरन सिनड उभी केली, पहिले अध्यक्ष तेच. तिथेही स्वस्थ बसले नाहीत. पंचाहत्तरी उलटल्यावर १८६९ला पुन्हा आंध्रात हजर! १८७३ला वारले. म्हणजे तुमच्या गावातल्या चर्चच्या वंशावळीत कुठेतरी गुंटूरची धूळ असणारच.

माझ्या वर्गातल्या मुलांना तिथे आपलं का वाटायचं याचं उत्तर मात्र लेफ्सात किंवा याद्यांत सापडणार नाही. त्यातले बरेच माला आणि मादिगा समाजातले होते. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांना एकाच पेल्यातून द्राक्षारस मिळणं ही काय गोष्ट असेल, याचा विचार करा. जात तिथेही पूर्ण गेली नाही, हेही खरं. तेलुगू मंडळ्यांत माला-मादिगा धुसफूस चालू असते. पण दार उघडलं ते तिथे.

नगरी_सूर

@गुंटूरमार्गे, हे लिहिल्याबद्दल आभार. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधल्या मंडळ्यांची गोष्ट हीच आहे. 'घरच्यासारखं' म्हणताना कुणाला आधी घरच नव्हतं, हे विसरायला होतं.

अमरावती_पॅसेंजर

बैतूलजवळ पाढरचं हॉस्पिटल आहे, ते लुथरनांचं. आमच्याकडून अमरावती, परतवाड्याहून लोक जातात. त्या भागात स्वीडिश मिशन आलं होतं, छिंदवाडा, सागर, बैतूल या पट्ट्यात. माझ्या काकूचं ऑपरेशन तिथे झालं. लुथरन म्हणजे काय हे आम्हाला आज या धाग्यावर कळतंय. :)

रांचीचे_दिवस

नोकरीनिमित्त रांचीत होतो. मेन रोडवर गोस्नर चर्चचं मोठं आवार आहे. बर्लिनच्या योहानेस गोस्नर यांनी पाठवलेले चौघे १८४५ला तिथे पोचले. पहिली पाच वर्षं कुणीही धर्म स्वीकारला नाही, १८५०ला चार उराँव माणसांनी स्वीकारला. पुढे मुंडा, उराँव, खडिया हजारोंनी आले. त्यामागे जमिनीचाही प्रश्न होता. जमीनदारांविरुद्ध कोर्टात उभं राहायला मिशनऱ्यांची मदत होईल ही आशा. ती नेहमी पुरी झाली असं नाही. बिरसा मुंडाच चाइबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकत होता आणि १८९०च्या सुमारास ती मंडळी सोडून बाहेर पडला. म्हणजे आपलं वाटणं आणि न वाटणं, दोन्ही त्याच आवारातलं.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना हटवलं. मंडळी अनाथ झाली. दुसऱ्या मिशनांनी 'आमच्यात या' म्हटलं. आदिवासी पुढाऱ्यांनी नकार दिला आणि १० जुलै १९१९ला स्वतःच्या पायावर चर्च चालवायचं ठरवलं. पैसा नाही, गोरा साहेब नाही. बायका स्वयंपाकाच्या तांदळातून रोज मूठभर बाजूला काढायच्या, त्यावर पाळकांचा पगार. ती मूठ अजून काढतात. माझ्या घरी कामाला येणाऱ्या दीदी आमच्याकडे डब्यातून तांदूळ घेताना सवयीने मूठ बाजूला ठेवायच्या आणि मग जीभ चावून परत टाकायच्या.

कृष्णाकाठ, तुमच्या बाजूने एक मत. ज्याच्यासाठी घरचा तांदूळ काढला ते परकं राहत नाही.

गारठलेला_पुणेकर

हे भारी आहे. पण मग उलट प्रश्न. ज्यांनी सगळं दिलं त्यांचं चर्च फुटलं की? २००९ला समलिंगी नात्यातल्या लोकांना पाळक होऊ देण्याचा ठराव ईएलसीएने केल्यावर माझ्या ओळखीतल्या एका मंडळीचे दोन तुकडे झाले.

कृष्णाकाठ

आमच्या पलीकडच्या गावात तेच. संघटना सोडायची तर दोनदा मतदान, दोन्ही वेळा दोन तृतीयांश मतं हवीत, आणि मध्ये किमान नव्वद दिवस. ते नव्वद दिवस कसे गेले हे तिथल्या बाया अजून दबक्या आवाजात सांगतात. एकाच बाकावर बसणाऱ्या जावा-जावा वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायला लागल्या. मतं थोडक्यात कमी पडली, चर्च राहिलं, पण मोठा गट उठून गेला आणि शाळेच्या जिममध्ये उपासना करू लागला.

भांडण कशावरून पेटलं ऐका. ठरावावरून लोक कसेबसे सभ्यपणे बोलले. गेलेल्या बायकांनी गोधड्या शिवायचं मशीन मागितलं तेव्हा खरा भडका उडाला. त्या गोधड्या लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत निर्वासितांच्या छावण्यांत जातात. सहा-सात फुटी गोधडी, जुन्या कपड्यांचे तुकडे, मधे मधे दोऱ्याच्या गाठी. शेवटी दोन्हीकडच्या बायका बुधवारी सकाळी एकत्रच शिवायला लागल्या, मशीन जिथे आहे तिथे. रविवारी मात्र अजून वेगळ्या.

उंबरठा

आमच्याकडेही गोधड्यांचा गट आहे. त्यांना सिनड कुठली ते गोधडीवर लिहावं लागत नाही हे बरं.

तिखटमीठ

@लाइपझिगकर, अवांतर आहे पण विचारते. मे महिन्यात आम्ही तिकडे येतोय. संगीतकार बाखच्या चर्चमध्ये गाणं ऐकायला मिळेल का? तिकीट आधी काढावं लागतं का?

लाइपझिगकर

थॉमस चर्च. बाख तिथे १७२३ पासून १७५०ला जाईपर्यंत होता, पुरलाही तिथेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला मोटेट, म्हणजे गायकवृंदाच्या धार्मिक गाण्यांची उपासना, असते. दारात कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तेच तिकीट. शाळेच्या सुट्टीत मुलांचं गायकवृंद नसतं, दुसरं कुणीतरी गातं, तेव्हा तारखा आधी बघा. अर्धा तास आधी जा. बाकं कडक लाकडाची आहेत, सोबत आई-बाबा असतील तर बसायला काहीतरी मऊ घेऊन या. टाळ्या वाजवू नका, ती उपासना असते. आणि सोमवारी शहरात असाल तर पाचला निकोलायला या, मी असतो.